परीक्षेची सकाळ आणि मुलांची न्याहारी

जानेवारी सरत आला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय बदलतो. दिवाळीनंतर वाढलेले वजन आणि पावसाळ्यातील पोटाच्या तक्रारी मागे पडतात आणि महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांतून एकच काळजी निरनिराळ्या अक्षरांत लिहून येते: पेपरच्या दिवशी सकाळी मुलांना खायला काय द्यावे? आहारतज्ज्ञ म्हणून आणि परीक्षा देत मोठ्या झालेल्या दोन मुलांची आई म्हणून ही काळजी मला जवळची वाटते. या अंकासाठी सहा पत्रे निवडली आहेत. जागेअभावी ती थोडक्यात दिली असून पाठवणाऱ्यांची नावे वगळली आहेत.

प्रश्न : माझी मुलगी यंदा दहावीला आहे. परीक्षा केंद्र गावापासून अठरा किलोमीटरवर आहे आणि एसटीने जायचे असल्यामुळे तिला नऊ वाजता घर सोडावे लागेल. एरवी ती सकाळी चहा आणि चार बिस्किटे घेऊन शाळेत जाते आणि मधल्या सुटीत डबा खाते. पेपरच्या दिवशी काय द्यावे, म्हणजे तिला पेपर संपेपर्यंत भूक लागणार नाही आणि सुस्तीही येणार नाही?
— एक आई, सातारा जिल्हा

उत्तर : आधी घड्याळ पाहू, म्हणजे पदार्थ ठरवणे सोपे जाईल. मंडळाचा दहावीचा सकाळचा पेपर ११ वाजता सुरू होतो आणि विद्यार्थ्यांना साडेदहापर्यंत परीक्षा दालनात हजर राहावे लागते. भाषांचे पूर्ण गुणांचे पेपर तीन तासांचे असतात आणि २०२३ पासून शेवटी दहा मिनिटे वाढवून मिळत असल्याने ते २ वाजून १० मिनिटांनी सुटतात. गणित आणि विज्ञानाचे दोन तासांचे पेपर त्याआधी तासभर सुटतात. एसटीची वाट पाहून तुमची मुलगी घरी येईपर्यंत तीन-साडेतीन वाजणार. एरवी जी वेळ मधल्या सुटीतील डब्याची असते, ती त्या दिवशी उत्तरपत्रिकेवर जाते. रोजची न्याहारी आहे तशीच ठेवली, तर साडेआठच्या चहा-बिस्किटांवर तिला जवळजवळ सहा-सात तास काढावे लागतील, आणि तुमच्या अडचणीचे मूळ इथेच आहे.

रात्री साडेआठला जेवलेले मूल सकाळी साडेआठला खाते, तेव्हा मध्ये बारा तास गेलेले असतात. या काळात मेंदूला लागणारी साखर यकृत आपल्या साठ्यातून पुरवत असते. मोठ्या माणसाच्या मेंदूचे वजन शरीराच्या वजनाच्या जेमतेम २ टक्के असते, पण शरीर स्वस्थ असताना खर्च होणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे २० टक्के ऊर्जा तो एकटा घेतो, आणि लहान वयात हा वाटा याहून मोठा असतो. यकृतातला साठा मात्र मुलांचा लहान असतो. एखाद्या सकाळी उपाशी राहिले म्हणून चांगल्या पोसलेल्या मुलाचा अभ्यास पुसला जात नाही, आणि तशी भीती कोणी घालत असेल तर ती मनावर घेऊ नका. पण डोके जड होणे, चिडचिड होणे, वाचलेला प्रश्न पुन्हा वाचावा लागणे, सोप्या बेरजेत हातचा विसरणे, हे मी रिकाम्या पोटी पेपर दिलेल्या मुलांकडून वर्षानुवर्षे ऐकत आले आहे, आणि मूल मुळातच अशक्त असेल तर हा परिणाम अधिक ठळक असतो.

चार ग्लुकोज बिस्किटांतून साधारण शंभर उष्मांक आणि दीड ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतात, आणि मैदा व साखर दोन्ही लवकर पचतात. तुमच्या मुलीच्या वयाला दिवसाला सुमारे ४३ ग्रॅम प्रथिने लागतात. त्यांपैकी निदान दहा ग्रॅम सकाळच्या ताटात असावीत, असे मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक आईला सांगते, कारण प्रथिने आणि थोडी स्निग्धता असलेले अन्न पोटात जास्त वेळ राहते आणि साखर रक्तात सावकाश उतरते.

यासाठी काही नवे शिकण्याची गरज नाही. तुमच्या घरी होणारे कांदेपोहेच घ्या. एका मुलीसाठी पन्नास ग्रॅम, म्हणजे सैल हाताने भरलेल्या दोन मुठी पोहे असतील, तर त्यांतून चारेक ग्रॅमच प्रथिने मिळतात. त्यात फोडणीवर परतलेले शेंगदाणे मूठभर घातले, अगदी मोजून पंचवीस ग्रॅम, तर सहा ग्रॅमची भर पडते आणि ताट दहा ग्रॅमवर जाते. आपल्याकडे पोह्यांत शेंगदाणे शोधावे लागतात इतके कमी पडतात, आणि माझा आग्रह आहे तो नेमका इथे: शेंगदाणे प्रत्येक घासात यायला हवेत. वरून अर्धे लिंबू पिळावे, कारण लिंबातल्या क जीवनसत्त्वामुळे पोह्यांतले आणि शेंगदाण्यांतले लोह अंगी लागण्यास मदत होते. याच कारणासाठी पोह्यांबरोबर चहा देऊ नये. चहातील टॅनिन लोहाच्या आड येते. मात्र जिला रोज चहाची सवय आहे, तिचा चहा पेपरच्या दिवशी एकाएकी बंद केला तर डोके दुखू शकते. म्हणून साडेसहाला उठल्यावर अर्धा कप चहा आणि पावणेआठला पोहे, असे अंतर ठेवावे.

पोह्यांचा कंटाळा असेल तर मुगाच्या डाळीची धिरडी करावीत. पन्नास ग्रॅम डाळ रात्री भिजत घालून सकाळी आल्याच्या तुकड्यासह वाटली की मध्यम आकाराची दोन धिरडी होतात आणि डाळीतूनच बारा ग्रॅम प्रथिने मिळतात. भाजणीचे थालीपीठ आणि वाटीभर दही, किंवा ज्वारीची भाकरी आणि मटकीची उसळ, हेही तितकेच चांगले. उसळीत तिखट मात्र बेताचे असावे, एवढेच. पुरी-भाजी आणि मोठी वाटी भरून तुपकट शिरा त्या दिवशी टाळावा. सुस्ती येते ती प्रामुख्याने अशा जड पानामुळे.

यानंतर दुसरा टप्पा. केंद्रावर पोहोचल्यावर दहाच्या सुमारास तिने एक केळे किंवा राजगिऱ्याचा एक लाडू खावा आणि वर घोटभर पाणी प्यावे. काही वर्षांपूर्वी मी माझ्या भाचीला केंद्रावर सोडायला गेले होते. व्हरांड्याच्या कठड्यावर एक आई मुलीला थालीपीठाचे तुकडे दह्यात बुडवून भरवत होती आणि मुलगी वहीतून मान वर न काढता तोंड उघडत होती. शेजारच्या मुलीच्या मांडीवरचा डबा पहिली घंटा झाली तरी उघडलेला नव्हता. दुपारी पेपर सुटल्यावर मी पाहिले, तर ती फाटकाबाहेर उभ्या-उभ्याच गार पोळी खात होती, आणि मैत्रिणी उत्तरे विचारत होत्या तरी तिला बोलण्याचेही त्राण नव्हते. तो डबा दहा वाजता उघडला गेला असता, तर तिची दुपार निराळी गेली असती असे मला आजही वाटते.

एक गोष्ट मुली आईलाही सांगत नाहीत, म्हणून मीच लिहिते. केंद्रावरची स्वच्छतागृहे अस्वच्छ असतील या भीतीने त्या सकाळपासून पाणीच पीत नाहीत. मार्चच्या उन्हात एसटीचा प्रवास आणि त्यावर तीन तास पाण्याविना, यानेच पुष्कळ मुलींचे डोके दुखते. उठल्यापासून नऊपर्यंत दोन पेले पाणी प्यावे, निघताना लघवीला जाऊन यावे आणि पुढे थोडे-थोडे घोट घेत राहावे, म्हणजे पाणीही पोटात जाते आणि मध्येच उठण्याची वेळ येत नाही.

ही सगळी घडी पहिल्या पेपरच्या दिवशी नव्याने बसवू नका. निदान पंधरा दिवस आधीपासून पावणेआठची न्याहारी सुरू करा आणि एखाद्या रविवारी अकरा ते दोन असा सराव पेपर घरी सोडवायला बसवून तिला भूक कधी लागते ते पाहा. बिस्किटांवर वाढलेले पोट एका सकाळीत ताटभर पोहे स्वीकारत नाही; त्याला पहिल्या आठवड्यात अर्धी बशी आणि दुसऱ्या आठवड्यात पूर्ण बशी अशी सवय लावावी लागते.

प्रश्न : माझा मुलगा तेरा वर्षांचा आहे. परीक्षेच्या सकाळी त्याच्या तोंडात घासच फिरतो. गेल्या सत्रात बळेच पेलाभर दूध पाजले, तर जिन्यातच उलटी झाली. उपाशी पाठवायला मन धजत नाही. काय करावे?
— एक वडील, पुणे

उत्तर : तुमचा मुलगा हट्ट करत नाही, हे आधी मनाशी पक्के करा. भीती वाटली की शरीरात ॲड्रेनलिन वाढते, रक्ताचा ओघ हातापायांच्या स्नायूंकडे वळतो आणि जठराचे काम मंदावते. अशा वेळी एका दमात प्यायलेले पेलाभर दूध जठरात तसेच राहते आणि मळमळ वाढवते. दूध चांगले असले तरी त्या सकाळी आणि त्या पद्धतीने दिलेले दूध त्याच्यासाठी नाही.

अशा मुलांसाठी आपल्या स्वयंपाकघरात फार जुना उपाय आहे, तो म्हणजे मऊ भात आणि मेतकूट. भात नेहमीपेक्षा दुप्पट पाण्यात इतका शिजवावा की शीत बोटाने सहज मोडेल. त्यावर चमचाभर साजूक तूप, दोन चमचे मेतकूट आणि चिमूटभर मीठ घालावे आणि वाफ निघत असताना लहान वाटीत द्यावे. मेतकुटात भाजलेली हरभऱ्याची आणि उडदाची डाळ असते, त्यामुळे नुसत्या भातापेक्षा प्रथिने अधिक मिळतात, आणि त्यातल्या सुंठेचा मळमळीला उतार पडतो. कोकणात आणि गोव्यात उकड्या तांदळाची पेज मिठाबरोबर देतात, तीही अशा सकाळी पोटाला सहज झेपते. पेजेबरोबर लोणच्याची फोड चोखायला दिली तर तोंडाला चव येते. नाचणीची आंबील आवडत असेल तर ताकातली पातळ आंबील द्यावी. नाचणीच्या शंभर ग्रॅम पिठात साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, आणि वाढीच्या वयातल्या मुलाला ते हवेच असते.

प्रमाण लहान ठेवा आणि वेळ मोठा द्या. सातला चार चमचे, पावणेआठला पुन्हा चार चमचे आणि वाटेत अर्धे केळे, असे तीन हप्ते केले तर बहुतेक मुलांच्या पोटात पुरेसे जाते. निघताना हातावर दही-साखर ठेवण्याची रीत तुमच्या घरी असेल तर ती अवश्य पाळा, कारण त्या एका चमच्याने पोट भरत नसले, तरी घरातले माणूस आपल्यासाठी दारापर्यंत आले आहे हे मुलाला कळते आणि त्याने मन स्थिर होते. ताटावर बसल्यावर अभ्यासाविषयी काहीही विचारू नये, ही माझी तुम्हाला हात जोडून विनंती आहे. “तो धडा झाला ना?” हा एक प्रश्न घशातला घास अडकवायला पुरेसा होतो, आणि तो बहुतेक वेळा प्रेमापोटीच विचारलेला असतो.

परीक्षा नसतानाही पोटात दुखणे, वारंवार उलट्या होणे किंवा वजन उतरणे असे काही दिसत असेल, तर मात्र त्याला परीक्षेची भीती समजून न थांबता डॉक्टरांना दाखवावे.

प्रश्न : नात आठवीत आहे. मी तिला रोज भिजवलेले दहा बदाम देते. सून म्हणते, आता स्मरणशक्ती वाढवणारी पावडर दुधातून सुरू करू या. शेजारी म्हणतात, तुपाने बुद्धी वाढते. नेमके काय खरे?
— एक आजी, नागपूर

उत्तर : आजी, तुमचे बदाम चालू राहू द्यात, परवडत असतील तर ते चांगलेच आहेत. पण बदाम सोलून देणाऱ्या तुमच्या हातांच्या मायेचे श्रेय आपण बदामाला देतो, हेही खरे. दहा बदामांतून अडीच ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतात, तर मूठभर शेंगदाण्यांतून सहा ग्रॅम, आणि दोहोंच्या किमतीतले अंतर तुम्ही जाणताच. कोणताही सुकामेवा, कोणतेही चूर्ण किंवा पावडर न झालेला अभ्यास आठवून देत नाही आणि एका सकाळीत बुद्धी वाढवत नाही. जे घर बदाम घेऊ शकत नाही, त्या घरातल्या आईने स्वतःला कमी लेखू नये म्हणून मी हे स्पष्ट लिहिते आहे.

पावडरीबद्दल सूनबाईंना एक गोष्ट करायला सांगा. डब्याच्या मागच्या बाजूला शंभर ग्रॅममध्ये साखर किती, याचा आकडा छापलेला असतो, तो वाचा. हा आकडा ३५ असेल, तर वीस ग्रॅम पावडरीबरोबर सात ग्रॅम साखर, म्हणजे जवळजवळ दीड चमचा साखर, दुधात जाते, आणि वरून आपण आणखी एक चमचा घालतो. २०२४ च्या एप्रिलमध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना अशी पेये ‘आरोग्यपेय’ या वर्गातून काढायला सांगितले होते, कारण २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्यात ‘आरोग्यपेय’ अशी व्याख्याच नाही. साध्या दुधात नाचणीचे सत्त्व आणि थोडा गूळ घालून दिलेत, तर तेच दूध अधिक उपयोगी पडेल. तूप भाकरीवर चमचाभर जरूर घाला, त्याने चव येते आणि भूक लांबते, पण त्याच्याकडून बुद्धीची अपेक्षा ठेवू नका.

आता जे कोणी विचारले नाही ते सांगते, कारण माझ्या मते तुमच्या पत्रातली खरी काळजी तिथे असायला हवी. नातीचा चेहरा फिका दिसतो का, जिना चढताना तिला धाप लागते का, अभ्यासाला बसल्यावर ती लवकर थकते का, हे पाहा. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील १५ ते १९ वयोगटातल्या ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला होता. रक्त कमी असलेली मुलगी बदाम खाऊनही पेंगते. एकदा हिमोग्लोबिन तपासून घ्या; या वयाच्या मुलीत ते १२ ग्रॅमच्या खाली असेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने लोह सुरू करावे. शाळेत आठवड्यातून एकदा मिळणारी लोहाची निळी गोळी मुली पोट बिघडते म्हणून लपवून टाकून देतात. ती रिकाम्या पोटी न घेता जेवणानंतर घेतली तर त्रास कमी होतो. रक्त भरून यायला महिने लागतात, म्हणून हे काम परीक्षेच्या आठवड्यासाठी राखून ठेवू नका.

प्रश्न : रमजान आणि दहावीची परीक्षा एकाच वेळी येत आहे. मुलगी रोजे ठेवणारच म्हणते. सहरीला काय दिले म्हणजे तिला पेपर नीट लिहिता येईल?
— एक अम्मी, सोलापूर

उत्तर : चांद्रवर्ष दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी मागे सरकत असल्याने गेल्या काही वर्षांत रमजान फेब्रुवारी-मार्चमध्ये येऊ लागला आहे आणि अशी पत्रे वाढली आहेत. रोजा ठेवावा की नाही हा तुमचा आणि मुलीचा प्रश्न आहे. मी सहरीपुरतेच लिहिते.

सहरी चुकवून झोप वाढवू नये, ही पहिली गोष्ट. चहा-पाव किंवा नुसती शेवयांची खीर यावर पहाटेपासून दुपारपर्यंत निभत नाही. ज्वारीची भाकरी किंवा गव्हाची पोळी, त्याबरोबर दोन अंड्यांचे कमी तिखटाचे आम्लेट किंवा घट्ट वरण, वाटीभर दही आणि शेवटी दोन खजूर असे ताट असावे. एका अंड्यातून सहा ग्रॅम प्रथिने मिळतात, म्हणजे दोन अंडी आणि दही यांतच पंधरा ग्रॅमच्या आसपास भर होते. लोणचे, पापड, खारे वेफर टाळावेत, कारण त्यांनी दिवसभर तहान लागते. पाणी शेवटच्या पाच मिनिटांत घटाघटा न पिता इफ्तारपासून सहरीपर्यंत थोडे-थोडे करत सात-आठ पेले व्हावे. चहा सहरीला शक्यतो नको. तिला मधुमेह किंवा दुसरा कोणता आजार असेल, किंवा रोज्यात पूर्वी भोवळ आली असेल, तर डॉक्टरांशी आधी बोलावे. आणि पेपरहून आल्यावर तिला घरकामाला न लावता तासभर झोपू द्यावे. पहाटे उठलेल्या मुलीची रात्रीची झोप अपुरी राहिलेली असते.

हाच विचार महाशिवरात्रीच्या सुमारास पेपर असणाऱ्या घरांनीही करावा. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट असते आणि शंभर ग्रॅममध्ये अर्धा ग्रॅमही प्रथिने नसतात. खिचडीला जे बळ आहे ते दाण्याच्या कुटाचे. उपास करायचाच असेल तर साबुदाणा निम्मा करून कूट दुप्पट घ्यावे, किंवा वरीचा भात आणि दाण्याची आमटी करावी, सोबत दही द्यावे.

प्रश्न : मार्चमध्ये अंडी उष्ण पडतात म्हणून मुलांना देऊ नयेत, असे घरात म्हणतात. खरे आहे का?
— एक वाचक, जालना

उत्तर : मूल एरवी अंडे खात असेल आणि त्याला ते सोसत असेल, तर उन्हाळ्यात ते बंद करण्याचे कारण नाही. एक उकडलेले अंडे आणि एक पोळी ही परीक्षेच्या सकाळची उत्तम न्याहारी आहे. उन्हाळ्यात काळजी घ्यायची ती टिकण्याची: उकडलेले अंडे सोलून डब्यात घालून चार तास उन्हात फिरवू नये. तोच नियम दुधाच्या पदार्थांना आणि खोबऱ्याच्या ओल्या चटणीला लावावा.

प्रश्न : मी कारखान्यात पहिल्या पाळीला असते आणि पावणेसहाला घर सोडते. मुलाचे वडील मालवाहू गाडीवर असतात. मुलगा पेपरच्या दिवशी एकटाच उठून, आवरून जाणार. त्याच्यासाठी काय करून ठेवू? माझ्या मनाला सारखी टोचणी लागून राहिली आहे.
— एक आई, इचलकरंजी

उत्तर : टोचणी लावून घेऊ नका. तुम्ही त्याच्यासाठीच पहाटे बाहेर पडता, आणि पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा आपली न्याहारी आपण घेऊ शकतो. त्याला फक्त अशा गोष्टी हव्यात, ज्यांना गॅस पेटवण्याची गरज नाही आणि ज्या तीन-चार तास ठेवल्या तरी बिघडत नाहीत.

दशमी यासाठीच होती. दुधात भिजवलेल्या कणकेची दशमी रात्री करून फडक्यात गुंडाळून ठेवली तर सकाळी मऊ राहते. प्रवासाला निघालेल्या माणसाची शिदोरी म्हणून आपल्या आज्या तीच बांधून देत. दोन दशम्या, शेंगदाण्याची सुकी चटणी दोन मोठे चमचे आणि वाटीभर दही एवढे त्याने खाल्ले तर दुपारपर्यंतची सोय होते. दुसरा उपाय सातूच्या पिठाचा. भाजलेले गहू आणि डाळे दळून केलेले हे पीठ चार मोठे चमचे घेऊन कपभर गार दुधात गुळाबरोबर कालवले की दोन मिनिटांत न्याहारी तयार होते आणि दहा ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतात. दूध आदल्या रात्री तापवून, गार करून फ्रीजमध्ये ठेवलेले असावे. फ्रीज नसेल तर दूध आणि दही दोन्ही टाळून सातू पाण्यात कालवावा आणि वर मूठभर शेंगदाणे व एक केळे खावे.

रात्रीचा भात सकाळी फोडणीला टाकायचा असेल, तर तो रात्री उघड्यावर राहिलेला नसावा. उन्हाळ्यात बाहेर राहिलेल्या भातात पोट बिघडवणारे जंतू वाढतात आणि त्यांचे विष पुन्हा गरम करूनही जात नाही. मुलगा एकटा असताना ही जोखीम नकोच. परीक्षेच्या आठवड्यात गाड्यावरचा वडापाव आणि मिसळही बंद ठेवायला त्याला सांगा. पोट बिघडले तर त्याला सावरायला घरात कोणी नसेल.

पुढच्या पंधरवड्यातल्या सगळ्या सकाळी त्याने ही न्याहारी स्वतः घ्यावी, म्हणजे पेपरच्या दिवशी हात आपोआप चालतील. शक्य असेल तर तुमच्या चहाच्या सुटीत त्याला दोन मिनिटे फोन करा आणि अभ्यासाविषयी न बोलता खाल्लेस का एवढेच विचारा. आणि पहिल्या पेपरच्या आदल्या रात्री दशमीचे फडके कुठे ठेवले आहे, दही कोणत्या भांड्यात आहे आणि केळे पिशवीच्या कोणत्या कप्प्यात टाकायचे आहे, हे झोपण्यापूर्वी त्याला एकदा दाखवून ठेवा.